खोक्यावर नसलेली तारीख

गेल्या दिवाळीत आईचा फोन हातात घेतला तो फराळाचे फोटो काढून घ्यायला. जागा संपल्याचं फोन सांगत होता, म्हणून सेटिंग्जमध्ये शिरले आणि 'अबाउट फोन'मधल्या एका ओळीवर नजर अडकली. अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट : सप्टेंबर २०२०. म्हणजे पाच वर्षांहून जुनं. काहीतरी राहून गेलं असेल असं वाटून 'सिस्टिम अपडेट'वर बोट ठेवलं. गोल चक्र फिरलं आणि उत्तर आलं, 'तुमचा फोन अद्ययावत आहे.'

त्या वाक्याने मला जेवढा राग आला तेवढा फोन जुना असण्याचा आला नाही. कंपनीने या मॉडेलसाठी शेवटचं जे काही पाठवलं ते फोनवर आहे, एवढाच त्या वाक्याचा खरा अर्थ. आता इथून पुढे काही येणार नाही, हे ते सांगत नाही. आणि ते दुसरं कोणीही सांगत नाही, ना कंपनी, ना दुकानदार, ना फोनवरून आपले पैसे फिरवणारी बँक.

तो फोन मूळ दादाचा. २०१८ साली त्याने घेतला, दोन वर्षं वापरून वहिनीला दिला, वहिनीने नवा घेतल्यावर तो आईकडे आला. घराघरांत फोन असेच उतरत येतात. कमावत्याच्या हातात नवा, मग घर सांभाळणारीच्या, मग म्हाताऱ्या माणसांच्या किंवा शाळकरी पोरांच्या. आईच्या त्या फोनवर पेन्शन जमा होणाऱ्या बँकेचं ॲप आहे, यूपीआय आहे, गॅसचं बुकिंग आहे, आधारचे ओटीपी तिथेच येतात आणि भिशीचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला तिथूनच जातात. आयुष्यभराची पुंजी आणि घरातला सगळ्यात जुना फोन एकाच हातात. "चालतोय ना गं, मग कशाला बदलायचा?" असं तिचं म्हणणं. बॅटरी दिवसभर पुरते, काच शाबूत आहे, आवाज स्वच्छ येतो. तिचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते बरोबर आहे असं धरूनच मला पुढचं मांडायचं आहे.

अपडेट थांबलेला फोन बिघडलेला नसतो. तो जसा होता तसाच राहतो आणि बाहेरचं जग पुढे जातं. ऑगस्ट २०१५ पासून गूगल दर महिन्याला अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींची यादी प्रसिद्ध करतं. कोणत्या भागात भोक आहे, ते किती गंभीर आहे, अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्त्यांना लागू आहे हे त्यात असतं, आणि दुरुस्तीचा कोडही बहुतेक वेळा सगळ्यांना पाहायला खुला होतो. हे योग्यच आहे. लपवून ठेवण्याने कोणी सुरक्षित होत नाही. पण दुरुस्ती आधी कशी होती आणि नंतर कशी झाली हे शेजारी ठेवून पाहिलं, की भोक नेमकं कुठे होतं ते जाणकाराला कळतं. गावात कोणत्या बनावटीच्या कुलपाची किल्ली चोरांना मिळाली आहे याची दवंडी दर महिन्याला पिटली जावी, निम्म्या घरांना त्याच दिवशी नवं कुलूप मिळावं आणि उरलेल्यांना कधीच मिळू नये, अशी ही परिस्थिती आहे. आईच्या फोनसाठी सप्टेंबर २०२० नंतरची प्रत्येक दवंडी चोरांपुरती उपयोगाची ठरली.

या मासिक यादीची सुरुवातच एका मोठ्या धक्क्यातून झाली होती. जुलै २०१५ मध्ये जोशुआ ड्रेक या संशोधकाने 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी उघड केली. मुद्दाम बिघडवलेला एक व्हिडिओ एमएमएसने पाठवला, की समोरच्याने तो उघडण्याआधीच फोनमध्ये शिरकाव करता येईल, अशी ती होती. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे जगातले सुमारे ९५ कोटी फोन तिच्या टप्प्यात होते. त्यानंतर कंपन्या मासिक दुरुस्त्यांची भाषा बोलू लागल्या, पण ती भाषा महागड्या फोनपर्यंत आधी पोचली आणि स्वस्त फोनपर्यंत फार उशिरा, कित्येकदा पोचलीच नाही.

याचा परिणाम काय होतो ते 'कॉपीकॅट'ने दाखवलं. चेक पॉइंट या कंपनीने २०१७ मध्ये उघड केलेल्या या विषाणूने १ कोटी ४० लाख अँड्रॉइड फोन ग्रासले होते आणि त्यातल्या सुमारे ८० लाख फोनच्या मुळापर्यंत ताबा मिळवला होता. बहुतेक फोन आशियातले. त्याने वापरलेल्या वाटा अँड्रॉइड ५ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमधल्या, जुन्या आणि जाहीर होत्या, आणि दुरुस्त्याही निघालेल्या होत्या. ज्यांच्या फोनपर्यंत त्या दुरुस्त्या गेल्या नव्हत्या, ती माणसं सापडली.

आईच्या फोनचंच उदाहरण घेते. त्यात अँड्रॉइड ९ आहे. मे २०२० मध्ये 'स्ट्रँडहॉग २.०' नावाची त्रुटी जाहीर झाली. एखादं खोटं ॲप खऱ्या ॲपचा मुखवटा घालू शकतं, म्हणजे तुम्ही बँकेच्या चिन्हावर बोट ठेवता आणि समोर येतो तो पासवर्ड मागणारा खोटा पडदा. अँड्रॉइड ८ आणि ९ साठी याची दुरुस्ती निघाली आणि आईच्या फोनला ती मिळाली. चार महिन्यांनी कंपनीने या मॉडेलचं दार लावून घेतलं. मग डिसेंबर २०२३ मध्ये मार्क न्यूलिन या संशोधकाने ब्लूटूथमधली एक त्रुटी मांडली. ब्लूटूथ चालू असेल, तर जवळपासचा माणूस मालकाच्या संमतीशिवाय फोनला खोटा कीबोर्ड जोडून बटणं दाबल्यासारखं करू शकतो. अँड्रॉइड ११ ते १४ साठी दुरुस्ती आली. १० आणि त्याआधीच्या फोनना ती मिळणार नाही हे तेव्हाच स्पष्ट होतं. आई सकाळी भजनं ऐकायला छोटा स्पीकर ब्लूटूथने जोडते आणि ब्लूटूथ बंद करायचं असतं हे तिच्या गावीही नसतं. ते का असावं?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. आपल्याकडे रोज ज्या फसवणुकी ऐकू येतात त्यातल्या बहुतेकांत फोनचं कुलूप कोणी तोडत नाही. माणसालाच बोलण्यात गुंतवून दार उघडायला लावतात. 'आरटीओ चलान' किंवा 'लग्नपत्रिका' नावाची एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप बसवणारी फाइल, व्हॉट्सॲपवर येते, आपण ती उघडतो, हव्या त्या परवानग्या देतो. नवा फोन असता तरी हे झालं असतं, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. नव्या आवृत्त्या भोकं बुजवतात तशा भिंतीही जाड करतात. अँड्रॉइड ८ च्या आधी 'अनोळखी ठिकाणाहून ॲप घेऊ द्या' हे एकच बटण सगळ्या फोनसाठी होतं. एकदा चालू केलं आणि विसरलं की कुठूनही काहीही आत येई. अँड्रॉइड १० पासून मागे लपून बसलेल्या ॲपला तुम्ही कॉपी केलेला मजकूर वाचता येत नाही. बाहेरून आलेल्या एपीकेला पडदा वाचण्याची आणि स्वतः बटणं दाबण्याची परवानगी सहजासहजी मिळू नये, अशी आडकाठी अँड्रॉइड १३ ने घातली, आणि बँकेचे पैसे लुटणारी खोटी ॲप नेमकी तीच परवानगी मागतात. फसणारं माणूस तेच असतं. पण एका फोनमध्ये त्याला दोनदा अडवलं जातं आणि दुसऱ्यात एकदाही नाही. फसवणुकीचं खापर आपण माणसाच्या भोळेपणावर फोडून मोकळे होतो, तेव्हा हा फरक नजरेआड होतो.

मग अपडेट का थांबतात? फोनमधलं सॉफ्टवेअर एकट्या गूगलचं नसतं. गूगल मूळ दुरुस्ती तयार करतं. चिप बनवणारी कंपनी, क्वालकॉम असो, मीडियाटेक असो वा युनिसॉक, आपल्या चिपचा भाग त्याच्याशी जुळवून देते. फोनवर जिचं नाव असतं ती कंपनी दोन्ही एकत्र करून, त्यात आपली रंगरंगोटी घालून, तपासून आपल्यापर्यंत पाठवते. साखळीतला एक जण थांबला की सगळं थांबतं. चिपवाल्याने जुन्या चिपकडे पाहणं सोडलं, तर फोनवाल्याची इच्छा असूनही त्याच्या हातात फार थोडं उरतं. ही गाठ सैल करायला गूगलने २०१७ नंतर अँड्रॉइडची रचना बदलली आणि त्याचा फायदाही झाला. पण मुख्य अडचण पैशाची आहे. स्वस्त फोनवर कंपनीला जे थोडंफार सुटतं ते विक्रीच्या दिवशी सुटतं. त्यानंतर तो फोन तिच्या हिशेबात फक्त खर्चाच्या बाजूला उरतो.

हे बदलण्याचा एक चांगला प्रयत्न भारतातच सुरू झाला होता, आणि तो आपण विसरलो याचं मला वाईट वाटतं. १५ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्लीत सुंदर पिचाई यांनी 'अँड्रॉइड वन' जाहीर केलं. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन भारतीय कंपन्यांचे फोन, किंमत ६,३९९ रुपयांपासून, आणि दोन वर्षांपर्यंतचे अपडेट थेट गूगलकडून. साडेसहा हजारांच्या आतल्या फोनला अपडेटचं वचन देता येतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं होतं. पुढे २०१६ मध्ये जिओ आलं, सगळ्यांना ४जी फोन हवे झाले, चिनी कंपन्यांनी बाजार व्यापला आणि या तिन्ही कंपन्या कडेला गेल्या. त्या काळात या कंपन्यांचे फोन महाराष्ट्रातल्या गावागावांत पोचले होते. कंपनीच बाजारातून गेली, तर तिने विकलेल्या फोनचं उत्तरदायित्व कोणाकडे जातं? या प्रश्नाला आजही कायद्यात उत्तर नाही.

तंत्रज्ञान अडवत नाही याचा आणखी एक पुरावा आहे. ॲपलच्या २०१३ सालच्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेची दुरुस्ती मिळाली होती. फेअरफोन या छोट्या डच कंपनीने आपल्या २०१५ च्या फोनला सात वर्षांहून जास्त काळ सांभाळलं. २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षांचं वचन दिलं, २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला तेवढंच दिलं, आणि त्याच वर्षी वीस हजारांच्या आतल्या ए१६ ५जीला सहा वर्षांचं. म्हणजे हे जमतं. आपल्या देशात ते कंपनीच्या मर्जीवर आणि गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर सोडलेलं आहे, एवढंच.

आता सरकारकडे वळते, कारण फोन ही खाजगी हौसेची वस्तू राहिलेली नाही. ई-पीक पाहणीचं ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवर चालवायचं आहे. रोजगार हमीच्या कामांवरची हजेरी जानेवारी २०२३ पासून ॲपवर सक्तीची झाली. लाडकी बहीण योजनेचे अर्ज २०२४ मध्ये 'नारीशक्ती दूत' ॲपमधून भरले गेले. आणि अंगणवाडीच्या सेविकाताई! महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. दोन जीबी रॅमचे ते फोन सारखे अडकत होते, तापत होते, दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच पदरातून जात होता, आणि 'पोषण ट्रॅकर' या सरकारी ॲपमधली माहिती मात्र वेळेत भरायची होती. त्या आंदोलनाची बातमी फोन नीट चालत नाहीत अशी झाली. पण त्याच फोनमध्ये गावातल्या गरोदर बायांची नावं, लेकरांची वजनं, आधार क्रमांक भरले जात होते. या फोनना सुरक्षेची दुरुस्ती शेवटची कधी मिळाली, हे कोणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सरकार हजारोंनी फोन खरेदी करतं तेव्हा निविदेत रॅम लिहिते, बॅटरी लिहिते, पडद्याची इंचात लांबी लिहिते. 'अमुक वर्षं सुरक्षेचे अपडेट, नाहीतर दंड' हे एक कलम त्यात घालायला कोणताही नवा कायदा लागत नाही. राज्य सरकारने हे उद्या करता येण्यासारखं आहे आणि करायला हवं.

बँकांच्या बाबतीत आपण हे धडे एकदा गिरवले आहेत. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये काढून घेतला, तरी देशातली कितीतरी एटीएम त्यावरच चालत होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या संगणक-विषाणूने जगभर थैमान घातलं. त्याची दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती. महिनाभराने आलेल्या नॉटपेट्या या दुसऱ्या विषाणूने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. अखेर २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना टप्पे आखून दिले, आणि जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम आधार असलेल्या आवृत्तीवर आणायला सांगितली. आधार संपलेल्या यंत्रावरून लोकांचे पैसे फिरू देणं धोक्याचं आहे, हे तत्त्व आपल्या मध्यवर्ती बँकेने तेव्हाच मान्य केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. आता प्रत्येकाच्या खिशात एक एटीएम आहे. फरक एवढाच, की भिंतीतलं एटीएम बँकेचं होतं म्हणून त्याची काळजी बँकेवर आली, आणि खिशातलं आपलं आहे म्हणून ती आपल्यावर आली.

पैसे गेले तर काय होतं? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना, तिसऱ्याच कोणाच्या कारस्थानाने पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला भुर्दंड नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. तो निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे, हे या परिपत्रकाचं मोठेपण. पण बँकांच्या सूचनांमध्ये 'फोनची सिस्टिम अपडेट ठेवा' हे वाक्य असतंच. सरकारची सीईआरटी-इन ही संस्थाही अँड्रॉइडच्या त्रुटींचे इशारे काढते आणि उपाय म्हणून कंपनीने दिलेला अपडेट घ्या असं सांगते. ज्या फोनला अपडेट येतच नाही त्याच्या मालकिणीने ही सूचना पाळायची कशी? उद्या एखाद्या तक्रारीत 'तुम्ही जुना फोन वापरत होता' हाच निष्काळजीपणा ठरवला गेला तर? रिझर्व्ह बँकेने हे आजच स्पष्ट शब्दांत लिहून टाकावं, की कंपनीने अपडेट बंद केला ही ग्राहकाची चूक धरली जाणार नाही.

उलट दिशेचा एक उपाय सुचवला जातो : बँकांनी जुन्या फोनवर ॲप चालूच देऊ नयेत. कागदावर हा उपाय नेटका दिसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की कंपनीने हात झटकले, शिक्षा मात्र पेन्शनवर जगणाऱ्या बाईला. काही जाणकार मंडळी जुन्या फोनवर लिनिएजओएससारखी स्वयंसेवकांनी सांभाळलेली नवी आवृत्ती घालतात आणि फोनला दुसरं आयुष्य देतात. फार मोलाचं काम आहे ते. पण असा फोन कंपनीच्या मोहोरेचा नाही म्हणून अनेक बँकांची ॲप त्याच्यावर चालायला नकार देतात. पाच वर्षं दुरुस्ती न मिळालेला मूळ फोन चालतो, गेल्याच महिन्याची दुरुस्ती असलेला चालत नाही. फोनचा आधार काढून घेणाऱ्या कंपनीने निदान अशी दुसरी आवृत्ती घालण्यापुरतं त्याचं कुलूप अधिकृतपणे उघडून द्यावं, आणि अशा फोनना ओळखण्याची रीत बँकांनी ठरवावी, ही मागणी अवास्तव नाही.

माझी मुख्य मागणी मात्र याहून साधी आहे, एका छापील ओळीची. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते. औषधाच्या पट्टीवर असते. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे फोनच्या खोक्यावरही बनवणाऱ्याचं नाव, देश, महिना, साल, कमाल किंमत आणि तक्रारीचा पत्ता असतो. फोनमधून निघणाऱ्या लहरींचं प्रमाण सांगणारा एसएआरचा आकडाही २०१२ पासून सांगावा लागतो. त्या शेजारी आणखी एक ओळ हवी : 'या फोनला सुरक्षेचे अपडेट या तारखेपर्यंत मिळतील.' वर्षांचा आकडा नको, तारीख हवी. कारण 'चार वर्षं' म्हणजे कधीपासून चार? मॉडेल बाजारात आल्यापासून. दीड वर्ष दुकानात पडलेला फोन सेलमध्ये स्वस्तात घेणाऱ्याला अडीचच उरतात, आणि स्वस्तात घेणारा कोण असतो ते सांगायला नको.

मध्यंतरी एका दुकानात मी मुद्दाम विचारलं, "या फोनला अपडेट कधीपर्यंत?" दुकानदार भला माणूस होता. त्याने खोकं चारही बाजूंनी फिरवून पाहिलं, मग म्हणाला, "ताई, कॅमेरा, बॅटरी विचारा, लगेच सांगतो. हे आजवर कोणी विचारलंच नाही." कोणी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हे कोणी सांगितलं नाही. फ्रिजचं असंच होतं. २०१० पासून फ्रिज आणि एसीवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं आणि आता विजेच्या बिलाचा विचार न करता फ्रिज घेणारं घर विरळा. छापील ओळीत एवढी ताकद असते.

हे जगात कुठे होत नाही असंही नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडता येणारी वस्तू विकताना सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे कंपनीला जाहीर करावंच लागतं. युरोपीय संघाने त्यापुढे जाऊन २० जून २०२५ पासून नियम लागू केला : मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट, आणि मूळ दुरुस्ती निघाल्यावर सुरक्षेचा अपडेट चार महिन्यांच्या आत. हेही सहज झालं नाही. नेदरलँड्समधल्या ग्राहक संघटनेने अपडेटच्या प्रश्नावर सॅमसंगला कोर्टात खेचलं होतं आणि २०१८ मध्ये ती हरली. कायदा नंतर आला. आपल्याकडे विकणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या तिकडेही विकतात. तारीख त्यांच्याकडे असते. ती आपल्याला सांगितली जात नाही.

फोन महागतील, असं कंपन्या म्हणतील. थोडे महागतीलही. पण नऊ हजारांचा फोन दोन वर्षं सुरक्षित आणि साडेनऊ हजारांचा पाच वर्षं, यात स्वस्त कोणता हे ठरवायचा हक्क गिऱ्हाइकाला द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या गुणवत्तेची आणि दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. पैशाचे व्यवहार करणाऱ्या यंत्रासाठी अपडेटची मुदत हा दर्जाच आहे. अपडेटने फोन मंदावतो ही लोकांची भीतीही खोटी नाही. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपण कमी करत होतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं आणि फ्रान्समध्ये त्याबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड भरला. म्हणून सुरक्षेची दुरुस्ती वेगळी आणि नवी सजावट वेगळी मिळायला हवी. मला फक्त कुलूप बदलून हवं असेल तर भिंतींचा रंग बदलायची सक्ती नको.

सरकारला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच घालून द्यायचा आदेश कंपन्यांना दिला होता, नव्वद दिवसांत. लोकांनी विरोध केला आणि काही दिवसांत सक्ती मागे घेतली गेली. मागे घेतली हे चांगलं झालं. पण लोकांच्या सुरक्षेसाठी फोन कंपन्यांना आदेश देण्याची इच्छा आणि अधिकार दोन्ही सरकारकडे आहेत, हे त्यातून दिसलं. तोच अधिकार खोक्यावरच्या एका ओळीसाठी वापरला, तर त्याला विरोध करणारा नागरिक मला दिसत नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा वजनमापातल्या, भेसळीतल्या लबाडीविरुद्ध लोक एकत्र आले होते. मुंबई ग्राहक पंचायत पन्नास वर्षं काम करते आहे. हा प्रश्न त्यांच्या पटावर यायला हवा आणि त्यासाठी आपण पत्रं लिहायला हवीत. मी लिहिलं आहे.

आईच्या फोनचं काय केलं ते सांगते. बँकेचं ॲप आणि यूपीआय दोन्ही काढून टाकलं. ब्लूटूथ बंद करून ठेवलं, स्पीकरला वायर लावून दिली. फोन, व्हॉट्सॲप, फोटो एवढंच आता त्यावर. तिला नवा फोन घेऊन द्यायची तयारी आहे, पण तिला तो नको आहे. याच फोनची अक्षरं तिच्या डोळ्यांना सरावली आहेत, आणि मोठ्या कष्टाने, चार वेळा चुकून, ती त्याच्यावर पैसे पाठवायला शिकली होती. दर पाच तारखेला पैसे गेल्याचा हिरवा पडदा दिसला की ती तो आम्हाला दाखवायची. आता पाच तारखेला दुपारी माझ्या ऑफिसात तिचा फोन येतो : "अगं, कामात नसशील तर माझे भिशीचे पाठवतेस का?"